निकोडेमस: कॅन्ससच्या माळावरची विरळ वस्ती

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातल्या ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ निकोडेमस हे गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी 1877 मध्ये ते वसवलं. आज तिथे मोजकीच माणसं राहतात. वस्ती ओसरण्याची काही कारणं जमिनीच्या मापातच होती.

सरकारी मोजणीत टाउनशिप म्हणजे 6 मैल लांब, 6 मैल रुंद चौकोन. त्याचे 36 सेक्शन, प्रत्येकी 640 एकरांचे. त्यांतले 16 आणि 36 क्रमांकाचे शाळांसाठी राखीव. 1862 च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला पाव सेक्शन, म्हणजे 160 एकर मिळे. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, मग मालकीचा कागद. शाळांचे दोन सेक्शन वगळले तर अख्ख्या चौकोनात फार तर 136 कुटुंबं मावतात. म्हणजे सगळ्या जमिनी उठल्या तरी वस्ती विरळच. शिवाय हा भाग शंभराव्या रेखावृत्ताच्या, म्हणजे जिथून कोरडा मुलूख सुरू होतो त्या रेषेच्या जवळ. पाऊस वर्षाला जेमतेम 20 इंच, तोही बेभरवशाचा. हे लोक जिथून आले त्या केंटकी राज्याच्या हिरव्या मुलखात पुरेसे वाटणारे 160 एकर इथे अपुरे पडत.

डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी गाव वसवण्यासाठी काढलेल्या कंपनीने केंटकीत जाहिरातपत्रकं वाटली. सप्टेंबर 1877 मध्ये तीनशेच्या आसपास माणसं आली. रेल्वेचं जवळचं ठाणं एलिस, सुमारे 35 मैलांवर. तिथून पुढे रस्ता असा नव्हताच. पत्रकांत रंगवलेलं गाव तर कुठेच दिसेना. अनेक कुटुंबं आल्या पावली परतली.

मुक्कामाची वेळच चुकली होती. पेरणीचा हंगाम उलटलेला, बैल-घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि घर बांधायला लाकूड नाही, कारण झाडं फक्त नदीकाठी. मग उताराच्या कडेत खोदून घरं केली: तीन बाजूंना माती, दर्शनी भिंत दगडाची किंवा गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांची, वर फांद्या, गवत आणि पुन्हा माती. थंडीत ऊब राहते खरी, पण पावसाळी दिवसांत छत गळतं आणि ओली माती फार साचली की खचतं. त्या पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी मांस दिलं. वसंतात अनेकांनी कुदळ-फावड्यांनीच माळ फोडला. मुळांची जाळी इतकी दाट असते की अशा हातअवजारांनी एका हंगामात थोडेच एकर निघतात.

तरीही दहा वर्षांत हॉटेल, दुकानं, चर्च, शाळा आणि दोन वृत्तपत्रं उभी राहिली. इथलेच ई. पी. मॅककेब 1882 मध्ये राज्याचे हिशेबतपासनीस म्हणून निवडून आले.

खरा घाव रेल्वेचा. मिसूरी पॅसिफिक ही रेल्वे यावी म्हणून 1887 मध्ये इथल्या मतदारांनी 16,000 डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. ती आलीच नाही. 1888 मध्ये युनियन पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वे कंपनीने नदीच्या पलीकडून रूळ टाकले आणि तिथे बोग नावाचं गाव उगवलं. रूळ नाहीत म्हणजे धान्य बैलगाडीने न्यायचं, आणि तो खर्च भावातून वजा. दुकानदार तिकडे गेले. काहींनी इमारतीसुद्धा ओढून नेल्या. शेतकरी टिकले, पण 1930 च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी त्यांनाही हलवलं. 1953 मध्ये टपाल कार्यालय बंद झालं. 1996 मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. गुलामगिरीतून सुटकेच्या आठवणीत होणाऱ्या जुलैअखेरच्या मुक्तिदिन-सोहळ्याला बाहेर गेलेल्यांचे वंशज अजूनही जमतात.