त्वचा कर्करोगानंतरची त्वचा पुनर्रचना : रुग्णाचे समाधान

त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर उरणारी जखम टाके घालून, दुसरीकडची कातडी लावून किंवा शेजारची कातडी सरकवून भरून काढतात. ही दुरुस्ती रुग्णाला स्वतःला कितपत पटली, त्याचे मोजमाप म्हणजे रुग्ण-समाधान. गाठ मुळासकट निघाली की नाही, हे पॅथॉलॉजीचा अहवाल सांगतो. लग्नकार्यात चारचौघांत बसताना हात आपसूक गालावर जातो का, हे मात्र रुग्णालाच विचारावे लागते.

गोऱ्या वर्णाच्या लोकांच्या तुलनेत भारतीयांत हा कर्करोग बराच कमी आढळतो. भाजल्याचे जुने व्रण, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा आणि तळपाय या त्याच्या इथल्या ठळक जागा. धोतर कमरेला एकाच जागी घट्ट आवळून होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली केली. परकराच्या नाडीने होणारा प्रकारही पुढे नोंदला गेला. अशा रुग्णाच्या कमरेवर लावलेली कातडी चांगली धरली, तरी नाडी पुन्हा त्याच जागी काचू लागली की त्रास सुरू होतो. म्हणून नाडी सैल व रुंद असावी, हे घरी जाण्यापूर्वीच सांगायला हवे.

जखम लहान असेल तर कडा जुळवून टाके घालतात. मोठ्या जखमेसाठी मांडीवरचा पातळ थर घेतात. पहिले काही दिवस जखमेपेक्षा ही मांडीच जास्त झोंबते आणि ‘धडधाकट मांडी कशाला सोलली?’ अशी तक्रार येते. चेहऱ्यासाठी कानामागची पूर्ण जाडीची कातडी घेतात, तरी तिचा रंग थोडा वेगळा दिसू शकतो. शेजारच्या कातडीचा फ्लॅप, म्हणजे मुळाशी जोडलेला ठेवून जखमेवर सरकवलेला तुकडा, रंगपोताने जास्त जुळतो. नाकासाठी कपाळावरचा फ्लॅप वापरतात. पुण्याकडच्या एका देशी कारागिराने या रीतीने उभ्या केलेल्या नाकाचे सचित्र वर्णन १७९४ साली लंडनच्या नियतकालिकात छापले गेले आणि पाश्चात्त्य शल्यचिकित्सकांचे लक्ष त्याकडे वेधले. आजही फ्लॅपचे मूळ साधारण तीन आठवडे भुवईजवळ जोडलेलेच ठेवतात. तेवढे दिवस कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा पट्टा लोंबतो. याची आधी कल्पना नसलेला रुग्ण आरसा पाहून हादरतो, मग अंतिम नाक कितीही सुबक होवो.

मोजमापासाठी तयार प्रश्नावल्या आहेत. ‘फेस-क्यू’च्या त्वचा कर्करोग विभागात चेहऱ्याचे दिसणे, व्रण, मिळालेली माहिती आणि कर्करोग उलटण्याची धास्ती यांवर प्रश्न असून गुण ० ते १०० असे मांडतात. ‘पोसास’ या पट्टीत व्रणाचे दुखणे, खाज, रंग, ताठरपणा, जाडी व खडबडीतपणा यांना रुग्ण गुण देतो, डॉक्टर वेगळे देतो. दोघांचे गुण जुळले नाहीत, तर रुग्णाचे म्हणणे हलके धरू नये.

सोलापुरात ही गोष्ट भाषेपाशी अडते. पूर्वभागातल्या विणकर वस्तीत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दू आणि दखनी. फक्त मराठीत छापलेला कागद पुढे केला, की बरोबर आलेला मुलगा उत्तरे भरतो आणि आई गप्प बसते. ते उत्तर मुलाचे असते. शिवाय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच विचारले, तर पुष्कळ जण भिडेपोटी ‘बरं आहे साहेब’ म्हणतात. विचारणारा माणूस वेगळा असावा. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. गावोगाव जाऊन रुग्णांची विचारपूस करण्याची रीत जिल्ह्याला नवी नाही.

कधी विचारले, यावरही उत्तर ठरते. सुरुवातीला सूज व लाली असते. व्रण मऊ पडायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागते. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर व्रण फुगण्याचा किंवा काळवंडण्याचा संभव अधिक. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो आणि शेतमजूर बाईला सावलीत बसून चालत नाही. अशा वेळी डोक्यावरचा पदर पुढे ओढणे, रुंद काठाची टोपी, उपरणे, परवडत असेल तर सनस्क्रीन आणि शक्यतो सकाळ-संध्याकाळचे काम, एवढे तरी टाके काढतानाच घरच्यांसमोर सांगावे.