दिवस गेले म्हणून थोरल्याचं दूध तोडावं का?

दीड वर्षाचं मूल अजून अंगावर पीत असताना पुन्हा दिवस गेले, की घरात पहिला हुकूम सुटतो: ‘आता त्याचं दूध तोड.’ गरोदर बाईचं दूध बाधतं, पोराला हगवण लागते, ते सुकत जातं, शिवाय पोटातल्या बाळाच्या वाट्याचं थोरला पितो, अशी कारणं आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्याजणी सांगतात. मग कुठे स्तनाला कडुनिंबाचा रस लावतात, कुठे मुलाला चार दिवस मामाकडे धाडतात.

मूल सुकतं, हे आजीने पाहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण त्याचा दोष दुधाच्या माथी मारणं चूक आहे.

गर्भ राहिल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं वाढत जातात. त्यांच्यामुळे दूध कमी होतं आणि स्तनाग्रं इतकी हुळहुळी होतात की पाजणं नकोसं वाटतं. साधारण गरोदरपणाच्या मध्यावर दुधाचा हळूहळू चीक बनू लागतो. त्यातली साखर घटते, सोडियम वाढतं आणि चव खारट होते. बरीच मुलं याच सुमारास आपणहून तोंड फिरवतात. चीक थोडा सारक असल्यामुळे एखाद्याला शी पातळ होईलही, पण दूध नासलेलं नसतं.

दुसरी भीती गर्भपाताची. मूल दूध ओढतं तेव्हा आईच्या रक्तात ऑक्सिटोसिन सुटतं आणि प्रसूतीच्या कळा आणणारं संप्रेरकही हेच, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे. पण ऑक्सिटोसिनला दाद देणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) गर्भाशयात सुरुवातीचे महिने फार कमी असतात. ते झपाट्याने वाढतात ते दिवस भरत आल्यावर. म्हणून निरोगी गरोदरपणात पाजायला सहसा हरकत नसते. अंगावरून रक्त जात असेल, आधीची प्रसूती वेळेआधी झाली असेल, जुळी असतील किंवा पाजताना कळा येत असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारून थांबवलेलंच बरं. आणि आईलाच पाजणं असह्य होत असेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी तिने कुणाची परवानगी मागायची गरज नाही.

मग मूल सुकतं कशाने? आयुर्वेदात ‘पारिगर्भिक’ नावाचा बालरोग सांगितला आहे. गर्भिणीचं दूध पिणारं मूल खोकतं, त्याचा अग्नी मंदावतो, ते कृश होतं आणि पोट तेवढं वाढतं. हजारो मैलांवर, आजच्या घानामध्ये, सिसिली विल्यम्स या डॉक्टर १९३० च्या दशकात जवळपास अशीच मुलं पाहत होत्या. एक ते चार वर्षांची ही मुलं सुजलेल्या हातापायांची, कातडी सोललेली, सतत किरकिरणारी होती. पाठचं भावंड आलं म्हणून त्यांचं दूध तुटलं होतं आणि ताटात मक्याच्या पेजेपलीकडे फारसं काही नव्हतं. १९३३ मध्ये त्यांनी हा आजार वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आज तो क्वाशिओरकोर म्हणून ओळखला जातो. निव्वळ प्रथिनांची कमतरता हे त्याचं पूर्ण स्पष्टीकरण नाही, वारंवार होणारे संसर्गही त्यात भर घालतात. तरी दुधाच्या जागी काय आलं, हा प्रश्न तेव्हापासून टळलेला नाही.

आपल्याकडेही तोच विचारायला हवा. दुसऱ्या वर्षात मुलाच्या उष्मांकांच्या गरजेचा एक तृतीयांशापर्यंतचा भाग आईच्या दुधातून भागू शकतो. ते बंद झालं आणि जागी चहात बुडवलेलं बिस्किट आणि वरणाचं पाणी आलं, तर मूल सुकणारच. वरणाचं पाणी भरवणं मला फार खटकतं. वाटीच्या तळाशी बसलेली डाळ राहते मोठ्यांना आणि ज्याला तिची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या वाट्याला वरचं पिवळं पाणी. घट्ट वरण-भात, वर तूप, अंडं, कुस्करलेली उसळ, शेंगदाण्याचं कूट घातलेली मऊ भाजी असं काही दिवसातून तीन-चार वेळा पोटात जायला हवं. वरचं दूधही अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. त्याने पोट भरतं, पण लोह जवळजवळ मिळत नाही.

लोहाची चणचण आईलाही असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६७ टक्के बालकं रक्तक्षयी आढळली. गरोदरपणात रोज सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात; थोरला अजून पीत असेल तर त्याहून अधिक. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला ते मिळायचे कुठून? लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, नाहीतर त्यातलं लोह नीट अंगी लागत नाही.

थोरल्याचं कसं चाललंय हे अंगणवाडीत एका पट्टीने कळतं. दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर हिरवा रंग, त्याखाली पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल. दूध तोडल्यानंतरचे दोन-तीन महिने ही पट्टी आणि वजनकाटा चुकवू नये.

बाळंतपणात वार पडली की प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि दोन-तीन दिवसांत भरपूर दूध येतं. थोरला शेवटपर्यंत पीत होता म्हणून चीक संपलेला नसतो. फक्त प्रत्येक वेळी आधी धाकट्याला घ्यायचं. दूध केव्हाच सोडलेला थोरलाही आता पुन्हा मागू शकतो. त्याला जवळ घेऊन पाहू द्यावं. ओढायचं कसं, हे बहुतेक तो विसरलेला असतो.