गाडी चालता चालता बंद पडली, परत चालू होत नाहीये? आधी सेल्फ मारणं थांबवा

हे पत्रक आमच्या गॅरेजच्या सगळ्या ग्राहकांसाठी आहे, गाडी कुठल्याही कंपनीची असो. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्या, कारण याची गरज घरी बसल्यावर पडत नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर पडते.

आम्हाला सगळ्यात जास्त येणारा फोन साधारण असा असतो: "गाडी चांगली चालली होती, मधेच बंद पडली, आता सेल्फ पण घेत नाहीये, बहुतेक बॅटरी गेली." आम्ही विचारतो की बंद पडल्या पडल्या सेल्फ घेत होती का? तर म्हणतात, हो, आधी मस्त घेत होती, बराच वेळ मारला, मग हळूहळू मंद झाली आणि आता नुसतं कट कट कट. म्हणजे बॅटरी गेलेली नव्हती, ती सेल्फ मारून मारून उतरली, आणि गाडी ज्या कारणाने बंद पडली ते कारण तसंच आत बसून आहे. आता एकाच्या जागी दोन दुखणी झाली.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर, ही गाडीतली सगळ्यात जास्त करंट ओढणारी वस्तू. पेट्रोल गाडीत शंभर-दीडशे अँपिअर सहज, डिझेलला त्याहून बरंच जास्त. दोन्ही हेडलाईट मिळून दहाएक अँपिअर घेतात, यावरून अंदाज करा. ती मोटर काही सेकंद फिरण्यासाठीच बनवलेली असते, सलग फिरवली की आतली वाइंडिंग तापते, ब्रश जळतात. शिवाय पेट्रोल गाडीत स्पार्क नसेल तरी इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे पार्ट) पेट्रोल टाकत असू शकतात, ते न जळलेलं पेट्रोल प्लग ओले करतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि सायलेन्सरच्या लाईनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साठतं. मग इंजिन कधीतरी पेटलं की ते तिथे जळतं आणि आतली जाळी वितळू शकते, आणि कन्व्हर्टर हा स्वस्तातला पार्ट नाही.

म्हणून आमचं सांगणं एकच आहे. एका वेळी जास्तीत जास्त सात-आठ सेकंद सेल्फ, मग किमान एक मिनिट थांबायचं, आणि असं फक्त तीनदा. तिसऱ्यांदा नाही झाली तर चौथ्यांदा पण होणार नाही असं धरून चाला आणि आम्हाला फोन करा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना ती साडेनऊच्या बरीच खाली गेली की गाडीचा ईसीएम म्हणजे मेंदूच नीट काम करेनासा होऊ शकतो, मग मूळ दोष सुटला तरी गाडी चालू होत नाही आणि वर कमी व्होल्टेजमुळे आलेले भलतेच चार कोड (ईसीएम दोषाची नोंद ठेवतो ते आकडे) मेमरीत भरतात. अशी गाडी आमच्याकडे आली की आधी बॅटरी चार्ज करा, त्यात काही तास जातात, मग खोटे कोड बाजूला काढा आणि मग खऱ्या कामाला सुरुवात. लोकांना वाटतं गॅरेजवाले उगाच गाडी ठेवून घेतात. बऱ्याच वेळा तो वेळ इथेच गेलेला असतो.

अजून एक, बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावू नका. "रिसेट होतं" असं कोणीतरी सांगतं आणि लोक करतात. दोष आला त्या क्षणी गाडीचा स्पीड किती, इंजिन किती गरम, आरपीएम किती हे सगळं कोडसोबत साठवलेलं असतं आणि टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांत ते पुसलं जातं. आमच्यासाठी तोच सगळ्यात मोठा पुरावा असतो.

गाडी चालतीच आहे आणि इंजिन बंद पडलं तर

आधी गाडी सुरक्षित बाजूला घ्या, बाकी सगळं नंतर. इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच ताकद उरते, म्हणून ब्रेक सारखा पंप करू नका, एकदाच जोर लावून दाबा आणि दाबून धरा. ब्रेक त्यानंतरही लागतो पण खूप जोर लावावा लागतो. गाडी थांबेपर्यंत किल्ली पूर्ण मागे फिरवू नका, काढू तर नकाच, स्टेअरिंग लॉक होतं. हझार्ड लाईट लावा, आणि गाडी वर्दळीत उभी असेल तर आत बसून न राहता सगळ्यांनी रस्त्यापासून लांब उभं राहा.

आता आठवा, बंद कशी पडली

हे आम्ही फोनवर विचारतो तेव्हा काही लोक वैतागतात, की तुम्ही या ना बघायला, प्रश्न काय विचारताय. पण निम्मा तपास इथेच होतो, आणि सोबत काय आणायचं, की टोचन करूनच आणावी लागेल, हे पण याच उत्तरांवर ठरतं.

बटण दाबल्यासारखी एका क्षणात बंद पडली, झटका नाही काही नाही, तर करंटच्या बाजूचं काहीतरी असण्याची शक्यता जास्त: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा), मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच), इग्निशन स्विच, एखादं ढिलं कनेक्शन. आधी पिकअप गेला, गाडीने आचके दिले, ऍक्सिलरेटर दाबला तरी ओढेना आणि मग बंद पडली तर इंधन पोचत नाहीये असं बघायचं, म्हणजे पंप, फिल्टर, किंवा सरळ टाकी रिकामी (काटा अडकलेला असतो, हसू नका, होतं असं). बंद पडायच्या आधी बॅटरीचा लाल लाईट लागला होता, हेडलाईट मंद होत गेले, पॉवर विंडो हळू झाली, तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) चार्जिंग करत नाहीये, अशा वेळी जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने करंट) देऊन गाडी चालू होईल पण थोड्याच अंतरावर परत बंद पडेल. पळताना ठीक पण सिग्नलला थांबलं की विझते, तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पार्टमध्ये) कार्बन किंवा कुठूनतरी हवा ओढतीये. टेंपरेचरचा काटा वर गेला होता का ते सांगाच, आणि तसं असेल तर सेल्फ मारू नका आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.

सेल्फ न मारता किल्ली ऑन करा आणि बघा, ऐका

चेक इंजिनचा लाईट लागायला हवा. किल्ली ऑन असताना तो लागलाच नाही तर बहुतेक ईसीएमला सप्लायच मिळत नाहीये, मेन रिले किंवा फ्यूज, आणि सेल्फ मारून काही उपयोग नाही. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, तो इंधन पंप. रेडिओ आणि एसी बंद करून ऐका. आवाज नसेल तर तसं सांगा, आम्ही पंपाचा फ्यूज आणि रिले सोबतच घेऊन निघतो. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभरा चमकत असेल तर गाडीला तुमची किल्ली ओळखू येत नाहीये, दुसरी किल्ली असेल तर ती लावून बघा. बटण स्टार्टच्या गाडीत बऱ्याचदा रिमोटचा सेल संपलेला असतो, रिमोट बटणालाच चिकटवून धरून बटण दाबा, बहुतेक मॉडेलमध्ये चालतं (काहींत रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, गाडीच्या पुस्तकात दिलेली आहे).

मग (इंजिन तापलेलं नसेल आणि खाली दिलेल्या तीन वेळांपैकी कुठली नसेल तरच) एकदा सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरतंय पण काटा शून्यावर चिकटलेला आहे, जरासुद्धा हलत नाही, तर बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सरवर संशय जातो. हा सेन्सर इंजिनची फिरण्याची जागा ईसीएमला सांगतो, सिग्नल गेला की ना स्पार्क ना इंधन. त्याची खोड अशी की गरम झाला की मरतो आणि अर्धा-पाऊण तास थंड झाला की परत जिवंत होतो. मग लोक गाडी चालू झाली म्हणून घरी जातात, आणि काही दिवसांनी परत तेच, दर वेळी जरा लवकर. चालू झाली तरी आमच्याकडे आणा, आणि शक्यतो गरम असतानाच आणा.

सेल्फच घेत नसेल, नुसतं कट कट किंवा काहीच नाही, तर बॅटरीची टर्मिनल हाताने हलवून बघा. हलली तर ढिली आहेत, पांढरट-हिरवट थर असेल तर करंट अडतोय. ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन मध्ये आहे ना, मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबलाय ना, हे पण बघा, घाईत राहून जातं. आणि खूप सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला असेल तर दहा मिनिटं थांबा, मग ऍक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि तसंच सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत असं केलं की इंजेक्टर बंद राहतात आणि जास्तीचं पेट्रोल निघून जातं. इंजिन पेटलं की लगेच पाय काढा.

या तीन वेळी एकदाही सेल्फ मारू नका

पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन बंद पडलं तेव्हा कदाचित फक्त एअर फिल्टर भिजला असेल आणि प्लग काढून पाणी बाहेर काढलं की काम झालं असतं, पण एका सेल्फमध्ये ते इंजिन उघडण्याचं काम होतं. यात "एकदा बघू तरी" असं काही नसतं.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतोय, इंजिनाला दमच नाही असा आवाज, तर टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) तुटलेला असू शकतो. बऱ्याच इंजिनांत मग पिस्टन व्हॉल्व्हला आपटतो. बंद पडताना काही नुकसान झालं असेल नसेल, सेल्फ मारून ते वाढवू नका.

आणि डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर. पेट्रोलसारखं ओतलं की चालू, असं डिझेलचं नसतं, लाईनमध्ये हवा जाते आणि ती काढावी लागते. कॉमन रेलच्या गाड्यांत (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल मिळतं अशा) हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, कोरडा फिरवला की आतून घासतो आणि त्याचा किस सगळ्या इंजेक्टरपर्यंत जातो. पेट्रोलवाल्यांनी पण टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नये, टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो म्हणून थंड राहतो.

जंप आणि धक्का

जंप देताना लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळीचं दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवर उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो म्हणून. प्लस-मायनस उलटं झालं तर अल्टरनेटरचे डायोड आणि नशीब खराब असेल तर ईसीएम पण जातो, खात्री नसेल तर आमची वाट बघा. आणि सेल्फ नीट घेत असताना जंप देऊन काही होत नाही, ते दुखणं बॅटरीचं नाहीच. धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी चालू होत नाही, आणि मॅन्युअलमध्येसुद्धा सेल्फ चांगला फिरत असताना धक्का मारणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये ढकलणं.

"स्कॅनर लावला की कळतं ना, मग एवढा वेळ का?"

हा प्रश्न रोजचा आहे म्हणून नीट सांगतो. स्कॅनर म्हणजे ईसीएममधले कोड वाचणारं यंत्र, ते सर्किट सांगतं, पार्ट सांगत नाही. समजा पी ०३३५ कोड आला, तो क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. सेन्सर खराब असेल, किंवा कनेक्टरमध्ये ऑइल गेलं असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल, तिन्हीला कोड हाच. कोड बघून सेन्सर बदलला आणि दोष वायरचा निघाला तर पैसे तुमचे गेले आणि गाडी परत रस्त्यात. म्हणून आम्ही आधी मीटरने वायर तपासतो, इंधनाचं प्रेशर गेजवर बघतो, बॅटरीवर लोड टाकून बघतो, आणि मगच पार्ट मागवतो. जी गाडी आमच्या दारात आल्यावर छान चालते तिला गरम करून दोष परत आणावा लागतो, त्याला कधी कधी अख्खा दिवस जातो. या तपासाचे पैसे आम्ही वेगळे लावतो आणि ते आधी सांगतो, आणि पार्ट बदलला तर जुना पार्ट तुमच्या हातात देतो. अंदाजाने तीन पार्ट बदलण्यापेक्षा हे नेहमी स्वस्त पडतं.

सर्व्हिसिंगला गाडी आली की बॅटरी, टर्मिनल आणि चार्जिंग आम्ही न सांगता बघतो, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत, आणि आकडा बिलावर लिहून देतो. मागच्या वेळेपेक्षा बराच कमी झालेला दिसला तर पावसाळ्याच्या आत एकदा दाखवून जा.

फोन करताना एवढं सांगा: गाडीचं मॉडेल आणि इंधन, बंद पडली तेव्हा पळत होती की उभी, एकदम की आचके देत, कुठले लाईट लागले होते, सेल्फ कसा फिरतोय आणि आत्तापर्यंत किती वेळा मारला. शेवटचं खरं सांगा, कोणी रागावणार नाही, पण पंचवीस वेळा मारला असेल तर आम्ही चार्ज केलेली बॅटरी गाडीत टाकूनच निघतो आणि तुमचा एक हेलपाटा वाचतो. जमलं तर डॅशबोर्डच्या लाईटचा फोटो आणि सेल्फच्या आवाजाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, एकाच सेल्फचा.