मुंबई–लंडन: अंतर एक, वेळ मात्र दोन

समजा, जानेवारीत तुमचं विमान मुंबईहून दुपारी 1 वाजता सुटलं आणि लंडनला संध्याकाळी 5:30 ला उतरलं. परतीचं लंडनहून रात्री 9 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11:30 ला मुंबईत आलं. तिकीट वाचून आमच्या आत्याने लगेच हिशेब केला: जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा! उलटं यायला एवढा वेळ का, म्हणून ती येतानाच्या प्रवासाचीच धास्ती घेऊन बसली.

खरं आहे ते नेमकं उलट. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळातली असते आणि हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. जातानाच्या साडेचारात साडेपाच मिळवा, 10 तास. येतानाच्या साडेचौदातून साडेपाच वजा करा, 9 तास. म्हणजे जातानाच तासभर जास्त बसावं लागतं. (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा धरायचा, कारण तिकडची घड्याळं तासभर पुढे केलेली असतात.)

हा तासाचा फरक मात्र घड्याळाचा नाही, वाऱ्याचा आहे. ‘पृथ्वी फिरते म्हणून’ हे हमखास मिळणारं उत्तर इथे चालत नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. पण साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. फेब्रुवारी 2020 मध्ये अशाच वाऱ्यावर स्वार होऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं.

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरला तर बरोबर 8 तास. आता सरासरी 50 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग 850 उरतो आणि साधारण 8 तास 28 मिनिटं लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर 7 तास 35 मिनिटं. गंमत म्हणजे जाताना गमावलेली मिनिटं येताना पूर्ण भरून निघत नाहीत.

मग तिकिटावरचे 9 आणि 10 तास आले कुठून? तिकिटाची वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासून मोजत नाहीत. विमान फलाटावरून हलतं तिथपासून ते दुसऱ्या फलाटावर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. धावपट्टीकडे रांगणं, चढणं, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली तर आकाशात घिरट्या घालणं, सगळं. शिवाय 7,200 हा गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग झाला. तो पाकिस्तान, मध्य आशिया आणि युक्रेनच्या बाजूने जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये नागरी विमानांना बंद झालं आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. वळसा पडला की अंतर वाढलंच. म्हणून एकाच दिवशी दोन कंपन्यांच्या वेळांतही फरक दिसू शकतो.

आत्याला घ्यायला जाणाऱ्याने एवढं पाहावं: उतरण्याच्या वेळेशेजारी ‘+1’ असेल, तर गाडी दुसऱ्या दिवशी काढायची.