स्प्रिंगचा एक वेढा कापला की गाडी रस्त्याला चिकटते?

'स्प्रिंगचा एक वेढा कापून घ्या, गाडी खाली बसते आणि वळणावर रस्ता सोडत नाही', हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय.

तो पटतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन थोडं कमी होतं. पण पकड म्हणजे टायर सतत रस्त्याला टेकलेला असणं, आणि त्यासाठी चाकाला वर-खाली जायला जागा लागते. वेढा कापल्यावर नेमकी तीच जागा घटते. शिवाय स्प्रिंग कडक होते: काम करणारे 6 वेढे असतील आणि 1 गेला, तर कडकपणा सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा. मग पाच माणसं आणि डिकीत गावचं सामान भरलं, की सस्पेन्शन बंप स्टॉपवर, म्हणजे ते फार दबलं की अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर आपटतं आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. घाटातल्या खडबडीत वळणावर हे नको.

घरीच पाहा. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. आधी रिकामी गाडी, मग सगळ्यांना बसवून. तो फरक म्हणजे वजनानंच खाल्लेली चाकाची जागा; वेढा कापला तर उरलेली आणखी घटेल. वेढा आधीच कापला असेल तर गॅरेजवाल्याला गाडी जॅकवर घ्यायला सांगा. चाक लोंबकळताना स्प्रिंग सैल होऊन ती जिथे टेकते त्या खाचेत फिरत असेल, तर ती बदलाच.

गाडी खाली हवीच असेल, तर त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या छोट्या स्प्रिंग आणि जुळणारे शॉकअब मिळतात. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर मात्र अशा गाडीचंही पोट घासू शकतं.