'घरगुती कारणास्तव' राजीनामा: घराचा की कामाचा?

राजीनाम्यात 'घरगुती कारणास्तव' लिहिलं की कामगारही सुटतो आणि मालकही. पण त्या दोन शब्दांआड दोन वेगळी दुखणी असतात, आणि गल्लत झाली की औषध चुकतं.

एक, काम घरात घुसतं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. सुटायच्या तोंडावर सुपरवायझर येतो, ''कंटेनर भरायचाय, आज थांबा.'' पोराला ट्यूशनहून कोण आणणार, सासूबाईंना इन्सुलिन कोण टोचणार, हे मशीनच्या खडखडाटात फोन कानाला दाबून ठरवायचं.

दुसरं, घर कामात घुसतं. सोलापुरात नळाला पाणी रोज कुठे येतं? येतं त्या दिवशी मोटार लावून बॅरल, घागरी भरल्याशिवाय पाय निघत नाही. पाळीला उशीर, मग बोलणी आणि खाडा.

दमणारा माणूस एकच, त्यामुळे फरक पटकन दिसत नाही. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या संशोधकांनी १९८५ मध्ये या ओढाताणीचे वेळेची, ताणाची आणि वागण्याची असे तीन प्रकार सांगितले. १९९६ मध्ये नेटेमायर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही दिशा मोजायला वेगवेगळ्या प्रश्नावल्या केल्या. नोकरी सोडावी असं वाटण्याशी दोन्हींचा संबंध आढळतो. पहिलीचा, म्हणजे काम घरात घुसण्याचा, साधारणपणे जास्त. मला यात नवल वाटत नाही. पाण्याचा राग महापालिकेवर निघतो, ओव्हरटाइमचा मालकावर.

अर्थात सोडावंसं वाटणं म्हणजे सोडणं नव्हे. उचल घेतलेला यंत्रमाग कामगार ती फिटेपर्यंत हलत नाही. मनाने कधीच गेलेला माणूस हजेरीपटावर वर्षानुवर्षं दिसत राहतो.

घरी विड्या वळणाऱ्या बायकांपुढे तर ही विभागणीच कोलमडते. पानं भिजत घातलेली, गॅसवर भात, मांडीवर तंबाखूचं सूप. कशाने कशाला अडवलं, सांगा!

कारखान्यात मात्र इलाज वेगळे करता येतात. ओव्हरटाइम आदल्या दिवशी कळवायला पैसा लागत नाही. पाणी येण्याच्या दिवशी अर्ध्या तासाची सवलत फार महाग नाही. लहान मुलांसाठी तर मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्तीच झाली: पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यायला हवं. पण मूल पाळणाघरात आणि आई ऐनवेळच्या ओव्हरटाइमला, असं झालं तर तिचा राजीनामा येणारच, आणि त्यावर कारण पुन्हा घरगुतीच लिहिलेलं असेल.