रक्तनमुन्यांची जैवपेढी

संशोधनासाठी दिलेले रक्त वर्षानुवर्षे टिकावे, कोणते कोणाचे हे चुकू नये आणि दात्याने ज्या कामाला होकार दिला त्याच कामाला ते लागावे, अशा रीतीने सांभाळणारी व्यवस्था. बायोबँक हेच नाव जास्त रुळले आहे. रक्तपेढीशी तिची गल्लत सर्रास होते. रक्तपेढीतली पिशवी रुग्णाला चढवायची असते; तिथे तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. जैवपेढीतले चमचा-दोन चमचे रक्त कोणाला चढवत नाहीत. आज कोणाला न सुचलेला प्रश्न वीस वर्षांनी विचारला जाईल, त्यासाठी ते थांबून असते. ब्रिटनच्या यूके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या ५ लाख लोकांचे नमुने असेच जमवले.

दुसऱ्याचा माल सांभाळणे सांगली भागाला नवे नाही. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, व्यापाऱ्यांची हळद राहायची. तासगावचा बेदाणा आज शीतगृहात राहतो. कोठारवाला मालाचा राखणदार असतो, मालक नव्हे. रक्ताचा व्यवहारही याच जातीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: नमुना दात्याचा, संस्था फक्त विश्वस्त. म्हणून ‘रक्तदान’ हा शब्द इथे अपुरा वाटतो. ‘ठेव’ जास्त खरा.

नमुना बिघडतो तो बहुधा पहिल्या काही तासांतच. जांभळ्या टोपणाच्या नळीतले ईडीटीए हे रसायन रक्त गोठू देत नाही, पण नळी खसाखसा हलवली तर पेशी फुटतात. ती हलकेच आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. सेंट्रिफ्यूजमधून (नळी गरगर फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढली की वर पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, तळाशी तांबड्या पेशी आणि मधोमध नखाच्या कडेएवढा पांढुरका पापुद्रा दिसतो. या पापुद्र्यात पांढऱ्या पेशी असतात आणि डीएनए त्यांतूनच मिळतो. तो पिपेटने उचलताना तंत्रज्ञ श्वास रोखून धरतो. एप्रिलच्या उन्हात जत तालुक्यातून मिरजेला नळ्या आणायच्या तर बर्फाची पेटी हवीच. नळीतल्या पेशी साखर खातच राहतात, त्यामुळे वेळीच वेगळ्या न केलेल्या रक्तात साखर खोटीच कमी दिसते.

मग नमुना लहान-लहान कुप्यांत वाटतात. सगळा एकाच नळीत ठेवला तर दर चाचणीला वितळवावा लागतो, आणि गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांत प्रथिने खराब होतात. कुपीवर नाव नसते, बारकोड असतो. प्लाझ्मा उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये राहतो. जिवंत पेशी टिकवायच्या तर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन लागतो. त्याच्या टाकीला वीज लागत नाही, पण नायट्रोजन उडत जातो आणि वेळेवर भरावा लागतो.

सांगलीत पुराचा विचार आधी करायला हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. फ्रीझर दुसऱ्या मजल्यावर आणि जनरेटर तळघरात, अशी रचना निरर्थक. प्रत्येक नमुन्याच्या काही कुप्या दुसऱ्या गावी, पूररेषेबाहेर ठेवणे हाच खात्रीचा उपाय. यंत्रावरच्या आकड्यावरही विसंबू नये. २०१२ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका मेंदूपेढीत तापमान पडद्यावर ठीक दिसत राहिले, भोंगा वाजलाच नाही आणि सुमारे १५० मेंदू वितळले. रोज सकाळी वेगळ्या तापमापकाने नोंद घेणारा माणूस म्हणूनच लागतो.

कुलूप आणि कॅमेरा लावला की सुरक्षितता झाली, असे समजतात. खरी गळती माहितीची असते. संकेतांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या जागी, मोजक्याच हातांत असावी. तेवढेही लहान गावात पुरत नाही: ‘अमुक वाडी, स्त्री, ३४ वर्षे, दुर्मिळ आनुवंशिक आजार’ एवढे छापले तरी पारावर बसलेला कोणीही घर दाखवील आणि त्या घरातल्या मुलीचे लग्न अडेल. वाडीऐवजी जिल्हा, वयाऐवजी वयोगट लिहिणे हा त्यावरचा साधा इलाज.

संमतीत घाई झाली की पुढचे सारे व्यर्थ. अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले; ते स्किझोफ्रेनिया आणि वंशाच्या मुळांच्या शोधासाठीही वापरले गेले. २०१० च्या तडजोडीत त्यांना ७ लाख डॉलर आणि उरलेले रक्त परत मिळाले. आपल्याकडे दंडाला पट्टा बांधताना एखादी मावशी विचारते, “एवढं रक्त कशाला? आन् कुठं नेणार?” या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या बोलीत मिळेपर्यंत सुई थांबली पाहिजे. तिने पुढे कधीही ‘नको’ म्हटले तर उरलेल्या कुप्या नष्ट कराव्या लागतात. तोवर झालेल्या तपासण्यांची, छापून गेलेली माहिती मात्र मागे घेता येत नाही. हे तिला सही किंवा अंगठा घेण्याआधीच सांगायचे असते.